पालखीची रुंदी

मधुकरच्या पत्राला गोकुळदासांनी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं मुळीच नाही. उलट आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच पत्राचा त्यांनी इतका विचार केला नव्हता. पण तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचा विचार हा फार सावध प्राणी असतो. रस्ता ओलांडण्याआधी तो दोन्हीकडे बघतो, मग पुन्हा पहिल्या बाजूला बघतो, आणि शेवटी घरी परत येतो.

पत्र म्हणजे एक साधं पोस्टकार्ड. ते आलं दिवाळीच्या आठवड्यात. निळ्या शाईत, ओळी जरा उतरत्या:

‘गोकुळदासबाब यांना मधुकरचा नमस्कार. गेल्या गुरुवारी तुमच्या दुकानाची पायरी आणि सोपा माझ्या ट्रकने मोडला. मी पळालो. लोक मारतील असं वाटलं. तुमची पुस्तकं रस्त्यावर पडली ती मी आरशात बघितली. मला गवंडीकाम येतं. एक ओळ लिहा, मी येऊन पायरी बांधून देतो. लोक मारणार नाहीत तेवढं त्यात लिहा. तुमची पाटी माझ्याकडे आहे. पुसून ठेवली आहे.’

खाली दोडामार्गच्या पलीकडच्या एका गावाचा पत्ता. गोकुळदासांचं नाव-गाव मात्र मधुकरला शोधावं लागलं नव्हतं. ‘गोकुळदास पुस्तक भांडार, कुंभारखण, डिचोली’ अशी दुकानाची पत्र्याची पाटी त्याच्या बंपरला अडकून थेट नदीच्या धक्क्यापर्यंत गेली होती. खनिजाबरोबर ती बार्जमध्ये चढून जपानला पोचली नाही, हेच नशीब.

कुंभारखणचं वळण होतंच तसं. खाणीवरून येणारा ट्रक उतारावरून सुटायचा आणि वळणावर गोकुळदासांच्या घराच्या दिशेनं असा यायचा, की पाहणाऱ्याला वाटावं, ह्याला एखादी वही हवी आहे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दुकानाबाहेर सोपा, म्हणजे बसायचा बांधीव कट्टा, सोप्याखाली पायरी, आणि पायरीपासून पाच पावलांवर डांबर. त्या पाच पावलांच्या भरवशावर सुमंगलाबाई रोज सकाळी सोप्यावर बसून नारळ सोलायच्या. त्या गुरुवारीही बसल्या होत्या. आत दूध उतू जातंय असं वाटलं म्हणून उठल्या आणि चुलीपाशी पोचतात तोच बाहेर सोपा गेला.

“दूध उतूंक लागललां म्हणान मी वाचलंय,” असं त्या पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गोकुळदास हे ऐकत आणि आत जाऊन पुस्तकं उगाच सारखी करत. बेचाळीस वर्षांच्या संसारात आपण ह्या बाईला एकदाही कशापासून वाचवलं नाही आणि ते काम अर्धा लिटर दुधानं केलं, हे त्यांना फार लागलं होतं.

तेव्हा दोन कामं ठरली: मधुकरला उत्तर लिहायचं आणि दुकानापुढे खांब घालायचे.

उत्तर मायन्यावरच अडलं. ज्यानं आपला सोपा मोडला त्याला ‘प्रिय’ म्हणायचं? ‘श्रीयुत’ म्हटलं तर राग धरल्यासारखं. ‘या’ लिहिलं तर फुकट काम करून घेतल्यासारखं, ‘येऊ नका’ लिहिलं तर हाकलून दिल्यासारखं. आणि लोक मारणार नाहीत हे कोणाच्या वतीनं लिहायचं? लोकांना विचारायला हवं. पण लोकांना विचारलं की लोकांना आठवण होणार. पहिला मसुदा चार पानी झाला. पोस्टकार्डाला चार पानांचं उत्तर गेलं तर तो घाबरेल, म्हणून तो बाद. दुसरा दोन ओळींचा झाला, तो कोर्टातून आल्यासारखा वाटला. असे मसुदे शब्दकोशाच्या मधल्या पानांत साठत गेले आणि शब्दकोशाला पोट सुटलं. पायरी आणि सोपा शेवटी गावच्या मेस्तानं, म्हणजे गवंड्यानंच, बांधून दिला.

खांबांचं बरं होतं. त्यात मायन्याचा प्रश्न नव्हता. त्यात सल्ल्यांचा प्रश्न होता.

शेजारी सगुणचं चहाचं दुकान. ट्रकवाले थांबायचे ते तिथं. भाजी-उंडे, म्हणजे भाजी आणि गोल पाव, वर कोपभर चहा, मग पुढची खेप. सगुण सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे मोजून घेताघेताच सल्ला द्यायला सुरुवात करी. “गोकुळदासबाब, खांब कित्याक? डांबराची दोन पिंपां घ्या, रेंव भरा, उबीं करा. खर्च शून्य.” त्यानं स्वतःच पिंपं आणून, वाळू भरून उभी केली. तिसऱ्या दिवशी एका ट्रकनं त्यातलं एक इतक्या हळुवारपणे सगुणच्याच दुकानात सारलं, की गिऱ्हाइकांनी पाय वर घेऊन चहा पुरा केला.

मासे विकायला येणारी गंगाबाय म्हणाली, “राखणदाराक एक नाल्ल देया आनी गप बसा.” वाटेच्या राखणदार देवाला नारळ दिला. राखणदारानं तो स्वीकारला असावा, कारण त्या महिन्यात ट्रक फक्त सगुणच्याच बाजूला घुसले. ह्यावर सगुण दोन दिवस गोकुळदासांशी बोलला नाही.

पंच आणि देवळाचे मानकरी, दोन्ही एकच: कृष्णनाथ. ते म्हणाले, “खांब घाला, जरूर घाला. पण कागद हवा. नाहीतर उद्या कोणी तरी त्याच्यावर आपटेल आणि तुमच्यावर केस घालील.”

कागद म्हटल्यावर गोकुळदासांना धीर आला. कागदाला ते घाबरत नसत. त्यांनी अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथं. पंचायतीनं सांगितलं, रस्ता बांधकाम खात्याचा. खात्यानं सांगितलं, डांबर आमचं, डांबराच्या कडेची माती पंचायतीची. मोजणीवाले आले, फीत धरली आणि म्हणाले, ही माती नाहीच, हे गटार आहे. गोकुळदास म्हणाले, इथं कधीच गटार नव्हतं. मोजणीवाले म्हणाले, नकाशात आहे. मग नसलेलं गटार नकाशातून काढून टाकायला नऊ महिने लागले.

त्या काळात गोकुळदासांनी खात्याला बावीस पत्रं लिहिली. एकाही पत्राला उत्तर नाही. शेवटी त्यांनी धीर केला. हा ‘धीर’ गोळा करायला सहा आठवडे लागले, ते हिशेबात धरलेले नाहीत. बस पकडून ते डिचोलीला गेले. टेबलामागे वत्सला नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, सभ्य. समोर गोकुळदासांची बावीस पत्रं तारीखवार टाचणीत लावलेली.

“अहो, तुमची पत्रं मी सगळी वाचली,” त्या म्हणाल्या. “इतकं शुद्ध इथं कोणी लिहीत नाही. उत्तर द्यायचंच होतं. पण काय लिहायचं ते ठरेना. हो म्हणावं तर नियम नाही, नाही म्हणावं तर तुमचं खरं आहे. मग म्हटलं, नीट विचार करून लिहू. तेवढ्यात तुमचं पुढचं पत्र यायचं.”

गोकुळदास तिथं भांडायला गेले होते. बसमध्ये दोन तिखट वाक्यंही पाठ केली होती. पण ती तोंडातून बाहेर येईनात. शब्दकोशाचं सुटलेलं पोट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. म्हणजे मधुकरच्या दृष्टीनं आपण एक सरकारी खातंच की! ते “बरं, सावकाश द्या” एवढंच म्हणाले आणि परत आले. त्या रात्री मायना लिहिला: ‘मधुकर यांस’. पुढे झोप आली.

अखेर खात्याचे एक निवृत्तीला आलेले साहेब जागा बघायला आले. ते वळणावर उभे राहून “इथं धोका नक्की काय आहे?” असं विचारत असतानाच वरून ट्रक आला. साहेब त्या वयात इतक्या चपळाईनं सोप्यावर चढतील असं त्यांच्या शिपायालाही वाटलं नव्हतं. सुमंगलाबाईंनी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी फायलीवर लिहिलं, ‘धोका प्रत्यक्ष पाहिला.’

आता आराखडा हवा होता: किती खांब, किती खोल, दोन खांबांत अंतर किती. गोकुळदासांनी ह्या कामात जीव ओतला. सगुणच्या दुकानापुढे थांबलेले ट्रक त्यांनी मोजले. मग जे जे माणूस किंवा वस्तू दुकानात येते, ते सगळं मोजलं. डोक्यावर पाटी घेतलेली गंगाबाय मोजली (ती म्हणाली, “माका कपडे शिवतात काय?”), सायकल मोजली, दोन हातांत दोन बाल्द्या घेतलेल्या सुमंगलाबाई मोजल्या, पुस्तकांचं कपाट आडवं आणि उभं मोजलं. अंतर ठरलं तीन फूट. ट्रक येणार नाही आणि गंगाबाय अडकणार नाही.

कागद आला तेव्हा अपघाताला तीन वर्षं होत आली होती. अकरा अटी होत्या. गोकुळदासांनी त्या सगळ्या वाचल्या; अशा अटी पूर्ण वाचणारे ते बहुधा तालुक्यातले पहिलेच.

मेस्तानं गणपतीची चवथ झाल्यावर काम घेतलं. खाणीच्या भंगारातले जाड नळ आणले, चार चार फूट खोल खड्डे घेतले, नळांत सळ्या घालून काँक्रीट भरलं. पाच खांब, काळे-पिवळे पट्टे. मेस्त मधल्या खांबावर थाप मारून म्हणाला, “बाब, भूंयकांप जालो जाल्यार घर वतलें. हो रावतलो.” गोकुळदास मनातून इतके खूष झाले की त्यांनी त्याला एक पुस्तक भेट दिलं. मेस्तानं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगुणकडे उंडे बांधायला दिलं.

मग गोकुळदास खिडकी उघडून जनेलापाशी बसून ट्रकची वाट बघू लागले.

ट्रक आले नाहीत. त्याच दिवसांत गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. वरून हुकूम आला आणि सगळं जिथल्या तिथं थांबलं. तीन वर्षं, बावीस पत्रं, एक नसलेलं गटार, पाच खांब. आणि त्यांच्यासमोर रिकामा रस्ता, ज्यावर आता कुत्री उन्हं खात झोपायची. गावात जो तो म्हणू लागला, “खांब देखले आनी ट्रक भियेले.” हरमलला कोणी भाचा होता गंगाबायचा, तो स्कूटरवरून मुद्दाम खांब बघायला आला.

गोकुळदासांनी हा अपमान सोसला. पण त्यांना नीट हसताही येईना. सगुणनं दोनातली एक चूल बंद केली. ट्रकवाले सिंधुदुर्गात आपापल्या गावी गेले. मालकांनी ट्रक समोरच्या मोकळ्या भरडावर ताडपत्री घालून ओळीनं उभे केले. त्यातला तिसरा, डावा दिवा फुटलेला, गोकुळदास ओळखत होते. तो दिवा त्यांच्याच सोप्यावर फुटला होता. पुस्तकांवरची लाल धूळ त्यांनी एकदा पुसली आणि ती परत आलीच नाही. वीस वर्षं ज्या धुळीला शिव्या दिल्या, तिची वाट पाहत माणूस दुकानात बसतो, हे त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

असा होळीचा शिगमा जवळ आला.

शिगम्यात रवळनाथाची पालखी घरोघर फिरते. त्याआधी मानकरी वाट बघून जातात, कुठं फांदी वाकली आहे, कुठं दगड आला आहे. कृष्णनाथ दोघांना घेऊन आले, पायरीपुढे उभे राहिले आणि बराच वेळ खांबांकडे बघत राहिले.

“गोकुळदासबाब, मधलं अंतर किती?”

“तीन फूट,” गोकुळदास अभिमानानं म्हणाले.

“पालखीच्या दोन्ही अंगांना अब्दागीरवाले असतात. ते पालखीला धरूनच चालतात, मागं-पुढं व्हायचं नाही. सगळं मिळून साडेपाच फूट.” कृष्णनाथांनी दोन्ही हात पसरून दाखवले. बोटं दोन्हीकडच्या खांबांच्या पार पलीकडे गेली.

“रस्त्यावरूनच ओटी घेतली तर?” गोकुळदासांनी अगदी हळू विचारलं.

“पालखी पायरीला टेकल्याशिवाय ओटी घेत नाहीत. घर चुकलं म्हणतात, बाब.” ते रागानं नाही, दुःखानं म्हणाले. “बारा दिवस आहेत. काय तरी बघा.”

सुमंगलाबाई दारात उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून ह्या पायरीवर त्यांनी देवाची ओटी भरली होती. सुतकाचं एक वर्ष सोडलं तर खंड नाही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमी गंगाबायेक मोजलंत,” त्या म्हणाल्या. “माका बाल्द्यांसकट मोजलंत. कपाट मोजलंत. देवाकच मोजूंक विसरलंत?”

गोकुळदासांकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पालखी आली की ढोल-ताशे, गुलाल, माणसं. गर्दीला बुजून ते दरवर्षी आत जनेलामागे उभे राहत. पालखी त्यांनी उभ्या जन्मात कितीतरी वेळा पाहिली होती, पण बाजूनं. तिची रुंदी त्यांना ठाऊकच नव्हती.

दोन दिवस घरात कालचे उंडे आणि शांतता. मधला एक खांब काढला तर सहा फुटांची वाट होत होती, म्हणून तिसऱ्या दिवशी मेस्ताला बोलावलं. त्यानं घण घातला. घणाचा दांडा मोडला. तो कौतुकानं म्हणाला, “सांगिल्लें न्हू तुमकां?” यंत्र आणावं तर खाणवाल्यांची यंत्रं कुंपणाआड कुलपात. गोकुळदास पुन्हा डिचोलीला गेले, ह्या वेळी धीर गोळा करायला फक्त एक बस चुकवावी लागली.

वत्सलाबाईंनी फाईल उघडली. “काढायची परवानगी? बसवायला तीन वर्षं लागली. काढायचा अर्ज आजवर कोणीच केलेला नाही. नवीनच विषय.” मग त्या थांबल्या आणि अटींवरून बोट फिरवू लागल्या. “थांबा. नववी वाचलीत ना? ‘वाहनाचा धक्का लागून खांब हलल्यास तो अर्जदाराने स्वखर्चाने त्वरित काढावा. त्यासाठी वेगळ्या परवानगीची आवश्यकता नाही.’”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यभर नियम पाळलेली दोन माणसं एकाच वेळी लाजली.

“मी काही बोलले नाही हं,” वत्सलाबाई म्हणाल्या.

सगुणला हे सांगताच त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उत्साह आला. “सोपें! ट्रक रिव्हर्स घेवन हळू एक धक्को, मागीर चेन बांदून वोडप. मालक म्हज्या वळखीचो, चावी दितलो. ट्रक हांगाच आसा.” आणि मग त्यानं डोकं खाजवलं. “पूण चलयतलो कोण? डायवर सगळे गांवाक गेल्यात. आनी हें काम येरागबाळ्याचें न्हय. इल्लो जास्त धक्को बसलो जाल्यार सोपो परत वतलो. तुमच्या वळखीचो कोण आसा डायवर?”

गोकुळदासांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. उभ्या आयुष्यात एकच. ट्रक तोच, वळण तेच, आणि ह्या पायरीपर्यंत पोचायचा अनुभव त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी शब्दकोश उघडला. मसुदे बाहेर काढले, वाचले नाहीत. एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. मधुकर येईल? तीन वर्षं एक माणूस आपल्या एका ओळीची वाट बघतो, मारणार नाहीत ना, एवढंच विचारतो, आणि आपण त्याच्यासाठी काय करतो, तर त्याला अडवायला खांब घालतो. आता देव अडला तेव्हा आठवण. कुठल्या तोंडानं लिहायचं? मग त्यांच्या लक्षात आलं, तोंडाचा विचार करतच तीन वर्षं गेली. त्यांनी लिहिलं:

‘श्री. मधुकर यांस नमस्कार. तुमचं पत्र तेव्हाच पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, ती चूक माझी. कोणी मारणार नाही. पायरी बांधून झाली आहे. त्यापुढे मी खांब घातले आहेत, मधला खांब पालखीला आडवा येतो. तो पाडायचा आहे. गाडी तीच आहे. खाणी बंद आहेत, तुमचं कसं चाललं आहे ते कळलं नाही, ते मी आधीच विचारायला हवं होतं. पालखीआधी या. येताना पाटी आणा. — गोकुळदास’

ते एकदा वाचलं. ‘खांब’ दोनदा सलग आल्यासारखं वाटलं, नीट लिहून काढावं का, असा विचार सुरू झाला न झाला तोच सुमंगलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. नारळ खवताखवताच उठून आल्या होत्या, हात पुसलेला नव्हता. त्यांनी कार्ड उचललं, सगळं वाचलं आणि मेजावरची शिसपेन्सील घेऊन कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं, ‘बायकोक आनी पोरांक घेऊन या. जेवान आमगेर.’ कार्डावर तेलकट अंगठा उठला.

“आता पुन्हा लिहायला हवं,” गोकुळदास कळवळून म्हणाले. “शाई वेगळी, पेन्सील वेगळी, आणि हा डाग...”

“कांय नाका लिवूंक,” सुमंगलाबाई म्हणाल्या. तीन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य. “तसांच घाला.”

पोस्टाची पेटी सगुणच्या दुकानाच्या भिंतीला. गोकुळदास कार्ड धोतराच्या घडीत न लपवता, हातात धरून निघाले. पायरी उतरले. मधल्या खांबाशी आले आणि सवयीनं अंग चोरून बाजूनं गेले.

सगुण एकटाच बाकावर बसला होता. “कोणाक पत्र, बाब?”

“ज्यानं सोपा मोडला त्याला.”

“इतक्या वर्सांनी? आनी कितें बरयलें?”

गोकुळदासांनी कार्ड पेटीच्या तोंडात अर्धं घातलं, क्षणभर धरून ठेवलं.

“ये म्हणून लिहिलं,” ते म्हणाले, आणि सोडून दिलं.